पाझर आणि गळती

नागपुराहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें, भंडारा मागें टाकून वैनगंगा ओलांडली, कीं तासाभरांत साकोली येते. चुलबंद नदीच्या आसमंतांतील हा मुलूख भाताचा आणि तळ्यांचा. येथें पाण्याची वाण कसली, असें पावसाळ्यांत पाहणाऱ्यास वाटेल. पण वैशाखांत त्याच वाटेनें जाणाऱ्याला जमिनीच्या भेगा मोजाव्या लागतात. पारा ४३-४४ अंशांवर रेंगाळतो, एखादे दिवशीं ४५ च्याहि पुढें जातो, आणि हवा इतकी कोरडी होते कीं दोरीवर टाकलेलें ओलें धोतर पाहतां पाहतां खडखडीत वाळतें. अशा दुपारीं ज्या घरांत थोडासा गारवा असतो, त्या घरांत कोठें तरी पाणी ठिबकत असतें. माठाखालीं, खिडकीखालीं, भिंतीच्या कडेला. गृहिणी त्या ओलीवर फडकें टाकते, मुलें त्यांतूनच ये-जा करतात, आणि घरधनी मिस्त्रीला बोलावण्याचें काम उद्यांवर ढकलतो. घर थंड करण्याचा इतिहास सांगतांना राजवाडे आणि यंत्रें यांचीं वर्णनें पुष्कळ होतात. या ओलीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वास्तविक तो इतिहास बराचसा हिचाच आहे.

मराठी भाषेनें या बाबतींत चांगला विवेक दाखविला आहे. डोंगराला, माठाला, आईच्या मनाला फुटतो तो पाझर; छपराला, भांड्याला, नळाला लागते ती गळती. पाणी दोन्हीकडे निसटतेंच. परंतु पाझराला जाण्याची वाट असते, आणि त्या वाटेवर त्याच्या हातून कांहीं काम होतें. गळतीला वाट नसते, म्हणून भिंत, जमीन आणि माणूस यांपैकीं जें आड येईल त्यावर ती जाते. घर गार करण्याचीं जेवढीं साधनें आजवर निघालीं, त्यांची पारख या एका भेदावर करतां येते.

त्यांत सर्वांत जुनें साधन माठ. कुंभाराच्या भट्टींत भाजलेल्या मातीच्या अंगांत असंख्य सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून पाणी बाहेर येतें, कोरड्या हवेंत उडून जातें, आणि जातांना आंतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. ही उष्णता किती, याचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. बर्फाइतकें गार एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणावयाला १०० किलोकॅलरी उष्णता लागते. तेंच एक लिटर पाणी उन्हाळ्याच्या हवेंत नुसतें वाळून गेलें तर सुमारें ५८० किलोकॅलरी नेतें. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यानें अठराव्या शतकाच्या सातव्या दशकांत या गुप्त उष्णतेचा सिद्धान्त मांडला. त्याच्याहि आधीं, १७५८ सालीं, बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन हॅडली या दोघांनीं केंब्रिज येथें उष्णतामापकाचा गोळा ईथरनें पुनःपुन्हां भिजवून व त्यावर भात्यानें वारा घालून पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खालीं उतरविला होता. कुंभाराला यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें, आणि त्यावांचून त्याचें अडलेंहि नाहीं. जुना माठ कांहीं काळानें पाणी गार करीनासा होतो, कारण पाण्यांतील क्षार छिद्रांत बसून तीं बुजवितात. मुळींच न पाझरणारा माठ निरुपयोगी. चीर पडलेला माठ त्याहूनहि निरुपयोगी. या दोहोंमधला निवडण्यासाठीं बाजारांत बोटानें वाजवून आवाज ऐकण्याची रीत आहे. घरीं तो घडवंचीवर ठेवावयाचा आणि खालीं वाळू पसरावयाची. अंगणांत असेल तर खालच्या ओलीवर एखादें तुळशीचें रोप वाढवावयाचें. पाझराला वाट देण्याची याहून साधी तऱ्हा नाहीं.

साकोलीच्या परिसरांत पाझर ओळखण्याची आणखी एक शाळा होती, ती तळ्याची. येथील कोहळी समाज तळीं बांधण्यांत नांवाजलेला. त्यांच्या पूर्वजांना चांद्याच्या गोंड राजानें काशीहून आणलें, अशी परंपरा रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत नोंदविली आहे. ती कशीहि असो, नवेगांवबांधासारखा जलाशय पाहिला म्हणजे त्या लोकांच्या हाताविषयीं शंका उरत नाहीं. (हें ठिकाण पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होतें, १९९९ पासून तें गोंदिया जिल्ह्यांत आहे.) मातीची पाळ कितीहि दाबून बांधली तरी पलीकडे थोडें पाणी झिरपतेंच. जाणता माणूस त्या पाण्याचें माप आधीं घेत नाहीं. तो त्याचा रंग पाहतो. पाणी निवळ असलें तर पाळ शाबूत आहे. तें गढूळ येऊं लागलें, कीं पाणी मातीला बरोबर घेऊन येत आहे आणि पाळ आंतून पोखरली जात आहे, असें समजावें. मातीच्या धरणांवर देखरेख करणारे आजचे अभियंतेहि हीच खूण मानतात. घरांतल्या लोखंडी टाकीलाहि ती लागू पडते. तो भाग पुढें येईल.

माठानें पाणी गार होतें, खोली होत नाहीं. खोलीसाठीं वाळ्याची ताटी आली. मुक्ताबाईच्या अभंगांनीं ताटी हा शब्द मराठी मनांत कायमचा बसविला आहे. तेथें ती झोपडीचें दार आहे. येथें ती बांबूच्या चौकटींत वाळ्याचीं मुळें बसवून केलेला पडदा आहे. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत वाळ्याच्या खोल्यांचा, म्हणजे खसखान्यांचा, उल्लेख केला असून त्यांवर पाणी शिंपडलें कीं उन्हाळ्यांत हिवाळा अवतरतो असा अभिप्राय दिला आहे. दरबारी लेखकाची अतिशयोक्ति वजा घातली तरी त्यांत तथ्य बरेंच उरतें. बाहेरची हवा ४३ अंश आणि तिच्यांतील आर्द्रता शेंकडा २० असेल, तर ओल्या ताटींतून येणारी हवा तत्त्वतः २५ अंशांपर्यंत उतरूं शकते. व्यवहारांत ती २८ ते ३० पर्यंत उतरते. उलट जुलैमध्यें हवा ३२ अंश आणि आर्द्रता शेंकडा ८० झाली, म्हणजे तीच ताटी दोन-तीन अंशांपलीकडे कांहीं करूं शकत नाहीं. ताटी हें कोरड्या मुलखाचें भाग्य आहे. मुंबईकराला तिचें कौतुक कळावयाचें नाहीं.

इंग्रजी अमदानींत मध्यप्रांताचें सरकार उन्हाळ्यांत पचमढीला जाई. ज्यांना तें भाग्य नव्हतें असे छावण्यांतील आणि दिवाणी वस्त्यांतील साहेबलोक पश्चिमेकडील दारांना वाळ्याच्या ताट्या लावीत, आणि त्यांवर दिवसभर पाणी मारण्यासाठीं माणूस ठेवीत. या माणसाचें नांव कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. पखालींतलें पाणी भांड्यांत घ्यावयाचें, ताटीवर फेकावयाचें, ती वाळूं लागली कीं पुन्हां फेकावयाचें, हा त्याचा दिवस. आंत बसलेल्याला सुगंधी झुळूक. बाहेर उभ्या असलेल्याला तीच झळ, जिच्यापासून आंतल्याचें रक्षण चाललें आहे. फेकलेल्या पाण्याचा बराच भाग ताटींत न राहतां खालीं उतरे. शहाण्या बांधणींत पडवीची फरशी बाहेरच्या अंगास उतरती असे, आणि तें पाणी पन्हळींतून बागेला मिळे. शेणानें सारवलेल्या जमिनीवर मात्र दुपारपर्यंत चिखल होई आणि उंबरठ्याच्या ओल्या लांकडाला वाळवी लागे.

ताटीला वारा हवा. वारा पडला कीं ती नुसतीच एक ओली चटई. यावर १८३०-३२ च्या सुमारास हिंदुस्थानांतील इंग्रजांनीं एक यंत्र काढलें आणि त्याला 'थर्मँटिडोट' असें भारदस्त ग्रीक नांव दिलें. अर्थ, उष्म्यावरचा उतारा. धान्य उफणण्याच्या यंत्रासारखा हा मोठा पंखा खिडकीच्या तोंडाशीं बसवीत, त्याच्या पेटीला ओल्या ताट्या लावीत, आणि एक मजूर दांडा फिरवून तो चालवी. आज विदर्भांतील घराघराच्या खिडकींत दिसणारा कूलर याच जातीचा. त्याचें अर्वाचीन रूप १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ॲरिझोनाच्या रुक्ष प्रदेशांत रूढ झालें; तेथें वाळ्याऐवजीं लांकूड किसून केलेल्या बारीक तंतूंच्या ताट्या वापरीत. परंतु तत्त्व पाहूं जातां जुन्या यंत्रांतले दोन मजूर काढून त्यांच्या जागीं दोन मोटारी बसविल्या, एक पंख्याची आणि एक पाणी वर चढविणाऱ्या पंपाची, कीं कूलर तयार होतो.

मजुरांची सुटका झाली हें फार चांगलें झालें. मात्र त्यांच्याबरोबर त्यांची नजरहि गेली. ताटीवर पाणी मारणारा माणूस पाणी कोठें जातें तें पाहत असे. पंप पाहत नाहीं.

कूलरची रचना उघड आहे. तळाशीं टाकी, तिच्यांतून पंप पाणी वर नेतो, वरच्या पन्हळीच्या छिद्रांतून तें तिन्ही बाजूंच्या ताट्यांवर उतरतें, झिरपत पुन्हां टाकींत पडतें, आणि पंखा बाहेरची हवा या ओल्या ताट्यांतून ओढून खोलींत लोटतो. मोठा कूलर तासाला दहा लिटरांहून अधिक पाणी हवेंत घालवितो. पाणी जातें, त्यांतील क्षार जात नाहींत. टाकी न उपसतां रोज तींतच भर घालीत गेलें, तर कांहीं आठवड्यांत आंतलें पाणी विहिरीच्या पाण्याहून कितीतरी खारट होतें. हे क्षार पन्हळीच्या छिद्रांत बसतात. छिद्रें बुजलीं कीं पाणी एका बाजूनें ओसंडून ताटीबाहेर धांवतें आणि दुसरी ताटी कोरडीच राहते. घरधनी समजतो कीं पंप कमी पडला. तो मोठा पंप आणतो, आणि गळती वाढवितो. वास्तविक तेथें एका खिळ्याचें आणि पांच मिनिटांचें काम असतें.

दुसरें कारण याहूनहि साधें. कूलर खोलीच्या बाजूस केसभर कलला असेल, तर भरल्या टाकीचें पाणी चौकटीवरून आंत येतें. तोच बाहेरच्या बाजूस किंचित् कलता ठेवला तर अंगणांत जातें. पडवीच्या उतरत्या फरशीचें शहाणपण तें हेंच. ताटींतलें गवत खालीं बसून वर भगदाड पडलें, तर पंखा पाण्याचे थेंब ओढून अंथरुणावर उडवितो. टाकी आपोआप भरावी म्हणून लावलेली तरंगत्या गोळ्याची तोटी अडकली, तर रात्रभर पाणी वाहून सकाळीं खोलीचें तळें होतें.

या साऱ्या गळत्यांचें पाणी निवळ असतें, आणि त्यांत यंत्राचें नुकसान नसतें. ज्या दिवशीं कूलरखालीं तांबूस ओघळ दिसेल, त्या दिवशीं तळ्याच्या पाळीची खूण आठवावी. पाणी आतां पत्र्याला बरोबर घेऊन येत आहे. क्षारांनीं पत्रा लौकर गंजतो, आणि तोहि कोपऱ्यांत व सांध्यांत, जेथें गाळ बसतो आणि डोळा पोंचत नाहीं. यासाठीं टाकी आंतून डांबरानें माखण्याची विदर्भांत जुनी रीत आहे. ती रीत चांगली. तिची वेळ मात्र बहुधा चुकते. एप्रिलमध्यें पहिली झळ लागल्यावर घाईघाईनें ओलसर गंजावर फांसलेलें डांबर पापुद्र्यासारखें सुटतें. टाकी रिकामी करून, उन्हांत वाळवून, गंज खरवडून मग लावलेलें डांबर टिकतें.

येथें भंडाऱ्याच्या एका जुन्या विद्येची आठवण होते. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठीं प्रसिद्ध. जेथें धातूचीं भांडीं घडतात, तेथें तीं झाळणारे हातहि असतात. घागर गळूं लागली कीं ती टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नसे. ती झाळून घेत. ऊन पाण्याचा तांब्याचा बंब हें तर घरोघरच्या गळतीचें प्रसिद्ध स्थान. त्यांत पाणी न भरतां विस्तव घातला तर झाळ वितळून सांधा सुटतो, हें ज्ञान मराठी घरांत एका पिढीकडून दुसरीकडे बहुधा रागावूनच दिलें जात असे. थंड देशांत सबंध घर ऊन पाण्याच्या नळ्यांनीं तापवितात, आणि तेथें गेलेलीं मराठी कुटुंबें भर हिवाळ्यांत असे सुटलेले सांधे शोधीत तळघरांत उतरतात. साकोलीला एवढी थंडी नाहीं, शेकोटीवर भागतें.

झाळलेल्या बंबाची गळती फार तर चूल विझवील. कूलरच्या गळतीची गोष्ट वेगळी आहे. लोखंडी पेटी, पेटींत पाणी, पाण्यांत विजेचा पंप, आणि खालच्या ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, अशी ही मांडणी आहे. पंपाच्या तारेवरचें वेष्टण झिजलें कीं वीज पाण्यांत आणि पत्र्यावर उतरते. पेटी दिसावयास कालच्यासारखीच असते. कोरड्या पायांनीं हात लावणाऱ्याला झिणझिणी येते आणि तो तिकडे दुर्लक्ष करतो. दुसऱ्या दिवशीं ओल्या फरशीवर उभें राहून बादली ओतणारी बाई जागच्या जागीं चिकटते. दर उन्हाळ्यांत विदर्भांतील वर्तमानपत्रांत अशा मृत्यूच्या बातम्या येतात. त्यांत पाणी भरणाऱ्या स्त्रिया असतात, खेळतां खेळतां हात लावलेलीं मुलें असतात, आणि सोडवावयास धांवलेलीं माणसेंहि असतात. जी ओल गृहिणी फडक्यानें पुसून घेते, तिचें खरें मोल येथें कळतें.

विद्युत्शास्त्रांत या भरकटलेल्या प्रवाहालाहि गळतीच म्हणतात, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आणि तिच्यावरचा उपायहि तोच, वाट देण्याचा. पेटीपासून जमिनींत गेलेली अर्थिंगची तार ही त्या विजेची पन्हळ होय. ती असेल तर वीज माणसाच्या अंगांतून न जातां तिच्यांतून जाते. म्हणून तीन पिनांचा प्लग दोन भोंकांत बसविण्यासाठीं वरची जाड पिन मोडून टाकणें हा निव्वळ अविचार होय. त्यानें ती वाटच बुजते. जमिनीकडे जाणारी गळती ३० सहस्रांश अँपिअर इतकी होतांच क्षणार्धांत वीज तोडणारें एक लहानसें साधन बाजारांत मिळतें, आणि तें एका कूलरच्या किंमतीच्या मानानें महाग नाहीं. महावितरण कंपनी दर उन्हाळ्यांत याविषयीं सूचना देते. त्यांतली पहिली अगदीं साधी आहे: पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करावें आणि प्लग काढावा. झिणझिणी जाणवलेला कूलर दुरुस्त होईपर्यंत वापरूं नये, हें त्याला जोडून सांगितलें पाहिजे.

न गळणाऱ्या टाकीचाहि एक दोष आहे. साचलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंग्यू पसरविणारा एडीस डास अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यांतून एक दिवस टाकी पूर्ण उपसून कोरडी केली तर ही साखळी तुटते, आणि वर सांगितलेले क्षारहि त्याच पाण्याबरोबर जातात. एका कामांत दोन कामें होतात तरी तें होत नाहीं, कारण बऱ्याच टाक्यांचें तळचें बूच गंजून बसलेलें असतें.

वातानुकूलन यंत्राची गळती याच्या अगदीं उलट जातीची. १९०२ सालीं विलिस कॅरियर यानें ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं आपली योजना आंखली, तेव्हां माणसांना गार करण्याचा प्रश्न नव्हता; दमट हवेनें कागद फुगे आणि रंगावर रंग नीट बसेना, म्हणून हवेंतलें पाणी काढावयाचें होतें. कूलर हवेला पाणी पाजतो, हें यंत्र हवेचें पाणी पिळून काढतें. गार नळ्यांवर दंव धरतें, तें खालच्या तबकांत पडतें, आणि नळीनें बाहेर जातें. नळीला उतार नसला, किंवा धूळ व शेवाळ यांनीं ती तुंबली, तर तेंच पाणी भिंतीवरून खोलींत उतरतें. जाळी महिनोन्महिने न धुतल्यास हवा कमी पडून नळ्यांवर बर्फ धरतो, आणि यंत्र बंद केल्यावर तो वितळून धार लागते. लोक म्हणतात, यंत्र फुटलें. फुटलेलें कांहीं नसतें.

कोरड्या प्रदेशांत या यंत्राची एक फसवणूक आहे, ती कोंकणांत नाहीं. मे महिन्याच्या हवेंत पाणीच नसल्यामुळें तेव्हां बसविलेल्या यंत्राची नळी जेमतेम ओली होते, आणि बसविणारा मिस्त्री पैसे घेऊन जातो. उलटा उतार असला तर तो उघडकीस येतो जुलैमध्यें, जेव्हां त्याच यंत्रांतून तासाला लिटर-दीड लिटर पाणी निघूं लागतें. बसवितांनाच तबकांत तांब्याभर पाणी ओतून तें नळीच्या तोंडीं येतें कीं नाहीं हें पाहून घेतलें, तर ही वेळ येत नाहीं.

आर्द्रा लागतां लागतां साकोलीच्या बाजूस भाताच्या पऱ्ह्यांची गडबड सुरू होते. ताट्यांचा उपयोग तेव्हां संपलेला असतो. त्या उकिरड्यावर जातात, कूलर खिडकींतून उतरतो, ज्याचें बूच निघतें त्याच्या टाकींतलें शेवटचें खारट पाणी परसांत वाहून जातें आणि तळाशीं क्षारांचा पांढरा थर उघडा पडतो. त्याच सुमारास ज्या घरीं दुसरें यंत्र आहे, त्या घराच्या भिंतीबाहेरची नळी ठिबकूं लागते. तिच्याखालीं कोणी तरी बादली ठेवलेली असते.